दुसरी बाटली

त्यांना सगळे ‘नाक’ म्हणत, तोंडावर नाककाका. एका वर्तमानपत्रात दर रविवारी वाइनवर लिहीत. तीस वर्षं लिहिलं, पण पोटात गेली असेल फार तर पिंपभर. बाकी सगळी थुंकली. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, पिकदाणीत टाकायचा आणि वहीत लिहायचं. “लोक पिऊन बडबडतात, मी न पिता,” असं स्वतःच सांगत.

मी वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. लिहायला शिकायचं म्हणून त्यांच्याकडे जायचे. माझा पहिला लेख वाचून ते म्हणाले, “अगं, ही वाइन आहे की रक्ताचा रिपोर्ट?”

त्यांनी सदर बंद केलं तेव्हा कपाट आवरायला मी गेले होते. खालच्या खणात जुन्या अंकांच्या मागे एक आखूड मानेची बाटली आडवी पडलेली. मी उचलली.

“ठेव ती,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. “ताईची आहे.”

या धंद्यात परीक्षणासाठी नेहमी दोन बाटल्या पाठवतात. कधी बुचाला बुरशी लागते आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. त्यात बनवणाऱ्याचा दोष नसतो. असा वास आला की दुसरी उघडायची, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकतो.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर, कोणाची कुठली ते कळू नये म्हणून काळ्या पिशव्या चढवलेल्या वीस बाटल्या होत्या. चौदावीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. पण पिशवीतूनही तिची मान आखूड दिसत होती. तशा बाटल्या फक्त त्यांची थोरली बहीण तिच्या मळ्यातल्या वाइनसाठी वापरायची. एका बंद पडलेल्या कारखान्यातून तिने सगळा साठा उचलला होता.

“मग दुसरी का नाही उघडलीत?”

“लोक म्हणाले असते, बहिणीला दोनदा संधी दिली.”

रविवारी छापून आलं: ‘ओल्या पुठ्ठ्याची चव. टाळा.’ हॉटेलांनी खोकी परत पाठवली. तिसऱ्या वर्षी ताईंनी द्राक्षाच्या वेली उपटल्या.

मी काही बोलायच्या आत काकांनी बूच काढलं. दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. पिकलेल्या आलुबुखाराचा वास, मागे किंचित मिरी. पुठ्ठ्याचा मागमूस नाही. नाककाकांनी घोट घेतला, आणि मी पहिल्यांदाच त्यांना गिळताना पाहिलं.

“गाडी काढ,” ते बूच परत दाबत म्हणाले.

ताईंच्या घरामागे आता पत्र्याची गोदामं आहेत. ओले हात पुसत त्यांनी दार उघडलं.

“आलास? पिकदाणी आणलीस का बरोबर?”

काकांनी नुसती बाटली पुढे केली. ताईंनी ती ओळखली. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून एक ग्लास भरला आणि सावकाश प्यायल्या.

“चांगली झाली होती रे.”

“हो.”

“मी फोन केला होता तुला. म्हणाले होते, दुसरी उघड. काय म्हणालास?”

“नियम सगळ्यांना सारखे.”

“होते?”

नाककाका टेबलाकडे बघत होते. “नाही. इतरांच्या उघडायचो. तुझी ओळखली, म्हणून नाही उघडली.”

“म्हणजे परकी असते तर वाचले असते.” ताई हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. “आयुष्यभर चांगलं थुंकलंस, बाळ्या, आणि वाईट लिहिलंस.”

“रविवारी छापून आणतो. चूक माझी होती म्हणून. संपादक माझं ऐकेल.”

“कोणासाठी? त्या गोदामांसाठी?”

नाककाकांनी हळूच विचारलं, “अजून आहेत का यातल्या?”

“ही शेवटची. बाकीच्या तुझ्या भाऊजींनी मोरीत ओतल्या. मी म्हणत होते, अहो, एक उघडून तर बघा, चांगली आहे. तर म्हणाले, बाळला आपल्यापेक्षा जास्त कळतं. गेले तोवर तसंच मानत होते.”

ताईंनी पुन्हा ग्लास भरला, फक्त स्वतःचा, आणि बाटली आपल्या बाजूला सरकवून ठेवली. नाककाकांनी ती मागितली नाही.