खाटेजवळचं अर्धं मिनिट

हॉस्पिटलात सगळे त्याला वायरमामा म्हणत. भिंतीतली कुठली केबल कुठल्या स्विचला, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीला, जाते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. स्वभावाने महासावध, कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा! नेटवर्कही त्याने तसंच बांधलेलं. पेशंटचे ठोके मोजणाऱ्या यंत्राची केबल भिंतीत घातली, की स्विच आधी कान देऊन ऐकायचा, मग पलीकडे कोण आहे ते ओळखायचा आणि तीस सेकंदांनी त्या केबलसाठी दार उघडायचा. केबल फिरून परत त्याच स्विचमध्ये आली, तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळंच ठप्प होतं ना.

आधीच्या नोकरीत त्याने दारं झटपट उघडणारी केली होती, पण त्यांच्यावर पहारा बसवायला विसरला. सफाईवालीला एक केबल लोंबताना दिसली. बाई टापटिपीची, तिने मोकळं टोकही शेजारच्या भोकात खोचून टाकलं. ऑफिस अर्धा दिवस आडवं! बिचारीचा काय दोष? पण यानं मात्र झटपटचं नावच टाकलं. इथल्या नर्सबाई कुरकुरत, "मामा, पेशंट हलवला की आमच्या टेबलावरच्या पडद्यावर त्याचे ठोके अर्धं मिनिट दिसतच नाहीत."

"अर्धं मिनिट हो, बाई. तेवढ्यात काय होतंय?"

मग त्याच्या ताईचंच हृदयाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला खिडकीकडच्या खोलीत हलवलं. हा नर्सबाईंच्या टेबलापाशी उभा होता. पडद्यावर बारा चौकोन, त्यातला ताईचा कोरा. खिडक्यांचे पडदे संथ हलत होते, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत होता. त्याला वाटलं, आपण सात वर्षांचे आहोत, सायकलवर आहोत, मागून ताई धावतेय आणि तिची पावलं ऐकू येत नाहीयेत. मागे वळून बघायची हिंमत होईना. किती वर्षं गेली कोण जाणे, आणि चौकोनात हिरवी रेघ उमटली.

त्याच संध्याकाळी त्याने खाटांजवळची सगळी दारं झटपट केली. या वेळी पहाराही बसवला, म्हणजे चुकून दुसरा स्विच बोलला किंवा आपलाच आवाज फिरून आला, तर तेवढंच एक दार बंद होईल.

दोन दिवसांनी ताईला पुन्हा हलवलं. केबल त्यानेच लावली आणि धावत टेबलाशी गेला. रेघ आधीच चालू होती. नर्सबाईंनी मानही वर केली नाही.

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण इतकी वर्षं या टेबलाशी कोणाचे भाऊ, कोणाच्या लेकी अशाच कोऱ्या चौकोनाकडे बघत उभ्या राहिल्या असतील, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी तर कोणाची? ती माणसं कधीच आपापल्या घरी गेली होती, काही आपल्या माणसाला घेऊन आणि काही एकटीच.