टीव्हीवर आप्पांची पाचवी

आमचे आप्पा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. बिद्रीच्या आसपासच्या शिवारात मोटरसायकलवरून हिंडायचं, उसाच्या नोंदी घ्यायच्या आणि "आमच्या उसाची तोड कधी?" म्हणून अंगावर येणाऱ्याला त्याच्याहून मोठ्या आवाजात उत्तर द्यायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. आप्पा निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. मग ते आणि आई उचगावला माझ्याकडे राहायला आले. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीचे हिशेब बघते, म्हणजे दिवसभर घरात नसते. आईनं तर फार वर्षांपूर्वीच ऐकणं सोडलेलं. राहिला टीव्ही.

त्या वेळी एक कार्यक्रम लागायचा. एका बाजूला मोठी माणसं, दुसऱ्या बाजूला पाचवीतलं पोर आणि सगळे प्रश्न पाचवीच्या पुस्तकांतले. डॉक्टर, वकील, नटनट्या यायच्या, हसत हसत हरायच्या आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून "मला पुन्हा शाळेत घाला" असं म्हणायच्या. संध्याकाळची वंदना झाली, की आप्पा खुर्ची ओढून टीव्हीच्या इतक्या जवळ बसायचे की आम्हाला कार्यक्रम कमी आणि त्यांचं टक्कल जास्त दिसायचं.

"एवढं येईना व्हय रं तुला? डॉक्टर हाईस न्हवं?" असं ते पडद्याला विचारत. स्वतः उत्तर सांगायचे, पण ते पडद्यावर उमटल्यावर. "त्येच म्हणालोतो मी."

एकदा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग जावा की तुमीच."

"बलवू दे. जातो की."

कोल्हापुरात खास भाग करणार आहेत अशी जाहिरात आली, तेव्हा मी गंमत म्हणून मोबाईलवरून आमची दोघांची नावं दिली. बाप आणि मुलगी अशी जोडी चालत होती. चार-आठ दिवसांत एका मुलीचा फोन आला. तिनं आप्पांना विचारलं, "काका, पंचकोनाला बाजू किती?" आप्पा म्हणाले, "नावातच सांगितलंयस की, आनि मलाच इचारतीस?" पलीकडे बराच वेळ हसणं ऐकू आलं. आमची निवड झाली.

मी पाचवीची पुस्तकं आणली. आप्पांनी हातसुद्धा लावला नाही. "माझं पाचवी झाल्यालं हाय."

"दोनदा बसलायसा पाचवीत," आई म्हणाली. "पक्कं असंल."

चित्रीकरण शहरातल्या एका मोठ्या सभागृहात होतं. प्रेक्षक म्हणून आसपासच्या गावांतून गाड्या भरून माणसं आणलेली. आत गेल्या गेल्या एका पोरीनं माझ्या तोंडाला पावडर फासली आणि एका पोरानं आप्पांना फेटा बांधायला घेतला. आप्पांनी आयुष्यात फेटा बांधला नव्हता. "कोल्हापूर दिसायला पाहिजे ना काका," असं म्हणत त्यानं तो इतका आवळला, की आप्पांच्या भुवया वर चढल्या आणि दोन्ही कान आत गेले. त्यामुळे पूर्ण कार्यक्रमभर त्यांना सतत आश्चर्य वाटत असल्यासारखं दिसत होतं.

आमच्यासमोर पाचवीतली एक मुलगी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, पाय खुर्चीवरून लोंबकळत. कागलकडच्या कुठल्या तरी गावातली. सूत्रसंचालक पुण्याचा गोरागोमटा तरुण होता. त्यानं तिला विचारलं, "मग, आज कोण जिंकणार?"

"मी जिंकतो," ती म्हणाली.

"जिंकते," त्यानं हसून दुरुस्त केलं.

"आमच्यात जिंकतोच म्हणत्यात," तिनं शांतपणे सांगितलं. सभागृहानं शिट्ट्या मारल्या. तो पोरगा पुन्हा तिच्या व्याकरणाच्या वाटेला गेला नाही.

पहिला प्रश्न आप्पांना आला. "मासे कशाने श्वास घेतात?"

"नाकानं," आप्पा ठासून म्हणाले.

मी त्यांचा सदरा ओढला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मग काय कानानं घेत्यात व्हय माणसं?" फेट्यातून त्यांना 'मासे'चं 'माणसं' ऐकू गेलं होतं. मी ते समजावून सांगेपर्यंत मुलगी "कल्ल्यांनी" असं म्हणून मोकळी झाली होती.

दुसरा प्रश्न मला होता. "'तो हळूहळू चालतो' यात 'हळूहळू' ही शब्दाची कोणती जात?" मी एम.कॉम. आहे. मी म्हटलं, विशेषण. मुलीनं माझ्याकडे आमच्या पाचवीच्या बाई बघायच्या तसं बघितलं आणि म्हणाली, "क्रियाविशेषण." पावडरीच्या आत माझे कान तापले.

पुढच्या एक-दोन प्रश्नांत आम्ही कसंबसं सावरलो. चार आणि सहाचा लसावि मी बरोबर सांगितला, आप्पा शेजारून "चोवीस, चोवीस" म्हणत असतानाही. मग सूत्रसंचालकानं पत्ता उचलला, वाचला आणि आप्पांकडे बघून त्याला फार आनंद झाला. "काका, हा तर तुमच्याच घरचा प्रश्न. ऊस म्हणजे काय? वृक्ष, झुडूप, वेल की गवत?"

आप्पा खुर्चीत मागे रेलले. मला त्यांनी बोलूच दिलं नाही. "ह्यातलं कायबी न्हाय. ऊस हा ऊस असतोय."

"चारपैकी एक सांगायचं, काका."

"मग झुडूप ल्ह्या."

मुलगी म्हणाली, "गवत."

आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'गवत' आलं.

सभागृहात एकदम कुजबुज सुरू झाली. तिथं बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या घरी ऊस होता. आप्पा सावकाश उभे राहिले. "गवत? दोन पुरुष उंच जातंय त्ये. शहाऐंशी-बत्तीस जातीचा ऊस बघितलाईस काय कधी? आडवा पडला तर बैल दिसत न्हाय त्यात. त्येला गवत म्हणायचं?"

"बरोबर हाय," मागून कुणीतरी ओरडलं. "गवत म्हंजे जनावराचं खाणं."

"वाडं खात्यातच की जनावरं," दुसऱ्या कोपऱ्यातून आलं. उसाच्या शेंड्याकडची पानं म्हणजे वाडं, ते खरंच जनावरं खातात. त्यावरून सभागृहात दोन तट पडले. एक पावणे खुर्चीवर चढले. सूत्रसंचालक हात जोडून "मंडळी, मंडळी" म्हणत राहिला आणि मग त्याच्या कानात कुणीतरी काही सांगितल्यावर घाम पुसत खाली बसला. कॅमेरे बंद झाले.

मुलगी तेवढी पाय हलवत बसून होती. गोंधळ थोडा ओसरल्यावर ती माइकमध्ये म्हणाली, "आजोबा, बांबूबी गवतच हाय."

हे लोकांना उसापेक्षा जास्त लागलं. पण खुर्चीवरचे पावणे खाली उतरले. आप्पा खाली बसले.

आम्ही हरलो. नियमाप्रमाणे कॅमेऱ्याकडे बघून "आम्हाला पुन्हा शाळेत घाला" म्हणायचं होतं. मी म्हटलं. आप्पा म्हणाले, "शाळंत घाला, पर पुस्तक बदला." ते पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्या वेळी कुणी सांगितलं नाही.

मुलीला सायकल मिळाली, आम्हाला दप्तर. बाहेर चहा ठेवला होता तिथं ती वडिलांबरोबर उभी होती. आप्पा फेटा काखेत मारून तिच्याकडे गेले. मला वाटलं, आता इथंही सुरू होणार. पण त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आनि काय काय गवत हाय गं?"

ती बोटांवर मोजत सांगू लागली. "भात. गहू. मका. जोंधळा. नाचणी."

"जोंधळाबी?"

"व्हय."

आप्पांनी चहाचा कप तसाच धरून ठेवला. "म्हंजे जल्मभर मी गवतच खाल्लं म्हण की."

"सगळ्यांनीच," ती म्हणाली. बिस्किटाचा पुडा तिनं त्यांच्यापुढे केला.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या घरात होती. भांडण सगळं कापून टाकलं होतं. उरला होता तो आप्पांचा आ वासलेला चेहरा आणि त्यावर तीनदा 'गवत, गवत, गवत' असा ढोलासकट आवाज. गल्ली हसून लोळली. आप्पा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, "फेटा बरा दिसतोय न्हवं?"

"तुमाला ऊस म्हाईत न्हाय, हे आता सगळ्या म्हाराष्ट्राला कळलं," आई म्हणाली.

कार्यक्रम संपायच्या आतच फोन सुरू झाले. पहिला बिद्रीकडच्या एका जुन्या शेतकऱ्याचा होता, ज्याची तोड आप्पांनी वर्षानुवर्षं लांबवली असेल. त्याचा आवाज फोनबाहेरसुद्धा ऐकू येत होता. "आप्पा, बरोबर बोललायसा. शेंबडी पोरगी, तिला काय कळतंय? ऊस काय गवत असतोय व्हय?"

आप्पांनी घसा खाकरला. "न्हाय पावणं. गवतच हाय त्ये."

मग आप्पा पेरांपासून सुरू झाले. पेर कसं पोकळ किंवा भरीव, पान कसं खोडाला वेढून बसतं, बांबू कुणाचा कोण, सगळं त्या मुलीच्या पाठ्यपुस्तकातलं आणि स्वतः शोधून काढल्याच्या थाटात. त्या माणसानं फोन ठेवला. आप्पांनी लगेच त्याला उलटा लावला. पाचवीचं विज्ञानाचं पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. ते तिथं कधीपासून होतं, हे आम्ही कुणी विचारलं नाही.