तात्पर्य नावाचा प्राणी

आज फ्रिज उघडला, जुन्या चीजचा उग्र वास आला आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या घरातली लॉकडाऊनमधली एक दुपार आठवली.

बाबा एका हाताने आमटी ढवळत होते. दुसऱ्या हातात माझ्या लेकीचं, ईराचं, फ्रेंच प्राणिकथांचं डच पुस्तक. डच येत नसल्यामुळे ते चित्रं बघून मराठीत गोष्ट सांगत. कोल्ह्याने स्तुती केली, कावळा गायला, चीज पडलं, कोल्ह्याने खाल्लं. "तात्पर्य," बाबा म्हणाले, "कुणी स्तुती केली की सावध व्हावं."

ईरा चित्रात काहीतरी शोधू लागली. "आजोबा, हा तात्पर्य कुठे आहे? मुंगीच्या गोष्टीत पण शेवटी तोच आला होता."

मला हसू आवरेना. ती मात्र गंभीर होती. "आणि तो नेहमी लेट का येतो? आधी येऊन कावळ्याला सांगायचं ना."

बाबांनी डाव खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. लॉकडाऊनच्या आधी, "तुमच्यासारखी आमटी कुणाला जमत नाही, अजून आठवडाभर राहा," असं म्हणत मीच त्यांचं पुण्याचं तिकीट पुढे ढकललं होतं.

"तो उशिराच येतो गं," बाबा म्हणाले. "मलासुद्धा विमानं बंद झाल्यावरच भेटला."