सहावी कपबशी

उर्वशीच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो, कारण पाय कुठे ठेवावा ते त्याला कळत नाही. डाव्या हाताला चिनीमातीच्या तीन जुन्या बरण्या, उजवीकडे कोण्या बंद पडलेल्या दवाखान्यातला पांढरा खल, खिडकीत दौती आणि भिंतीवर तारेने अडकवलेल्या बश्या. गडचिरोलीतलं घर ते केवढं, दोन खोल्यांचं. तिचा नवरा विनोद एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. तो आल्यागेल्याला सांगतो की आमच्याकडे बरण्या ऐसपैस बसतात, माणसांनी जरा सावरून बसावं.

उर्वशी कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. आठवडी बाजार, भंगारवाला, बदली होऊन चाललेल्या साहेबांचं अंगण, अशा ठिकाणांहून तिने हे एकेक जमवलं. त्याचं कुणाला कौतुक नाही, हे तिचं जुनं दुखणं. शेजारीण विचारते, लोणचं कधी घालणार? मागच्या दिवाळीत विनोदच्या मामांनी तर तंबाखूचा खर्रा खाऊन सगळ्यात जुन्या बरणीत सरळ पिचकारी मारली आणि वर म्हणाले, सोय चांगली केली. उर्वशीने ती बरणी तीनदा घासली आणि मामा जाईपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

पण खरा सल होता तो पाच कपबश्यांचा. काठाला निळी वेल, कानावर सोनेरी ठिपका. तिच्या जन्माआधी वडिलांनी चंद्रपूरहून, महाकालीच्या जत्रेतून आणलेल्या. वडील गेल्यावर तिच्या आईने, इंदिराबाईंनी, सावली तालुक्यातल्या गावच्या घरातून त्या तिला देऊन टाकल्या. त्यांच्यासाठी उर्वशीने बैठकीत सागवानी मांडणी करून घेतली, सहा खणांची. सहावा खण रिकामा. लायब्ररीत सहा खंडांतला एक बेपत्ता झाला तरी जिला जेवण गोड लागत नाही, तिच्या स्वतःच्या घरातला संच अपुरा. आणि पाहुण्यांची नजर तरी कशी, पाच भरलेले खण सोडून नेमकी त्या रिकाम्यावर जायची. एक फुटली का, म्हणून विचारायचे.

फुटली असती तर तिने मनाची समजूत घातली असती. पण आईचं उत्तर दर वेळी निराळं. एकदा बकरीने पाडली, एकदा भाऊ धनराजच्या बारशात हरवली, आणि एकदा तर म्हणे सहा नव्हत्याच. पाचाचा संच कुठे असतो का, उर्वशी फणकारायची. धनराजला विचारलं तर त्याला कपबश्याच आठवेनात. मोबाइलवरून एक जोडीची मागवली, ती खोक्यातच तुकडे होऊन आली. दुसरी मागवली, तर तिची वेल हिरवी निघाली. जपायची अक्कल नाही ते नाही, निदान लक्षात तरी ठेवावं माणसाने, असं ती तीन वर्षं आईला फोनवर ऐकवत राहिली.

यंदा हिवाळ्यात आई एकदाची कावली.

"दसरूच्या घरी हाय ते. त्याचीच होती. आता मले पुन्हा इचारू नको."

दसरू म्हणजे त्यांच्या घरचा सालदार गडी. वीस-बावीस वर्षं त्यांच्या धानाच्या बांध्या त्यानेच कसल्या. उर्वशी दहा-अकरा वर्षांची असताना त्याने काम सोडलं. आता तो तळ्यापलीकडच्या टोलीवर, लहानशा वस्तीत, सुनेजवळ राहत होता. हे ऐकून उर्वशीला उलट बरंच वाटलं. बाबांनी गड्याला महाकालीच्या जत्रेतली कपबशी देऊन टाकली, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि आई ही गोष्ट लपवून ठेवते! त्यावरूनही ती आईवर मनातल्या मनात चिडली. बाजारातून सहा नव्या कपबश्यांचा खोका घेतला आणि रविवारी स्कुटीने वैनगंगेचा पूल ओलांडला. टोलीच्या वाटेवर वाघ दिसल्याची बातमी होती, म्हणून चारच्या आत परत फिरायचं होतं.

दसरू अंगणात खाटेवर ऊन खात बसला होता. त्याने तिला लगेच ओळखलं, ये बाई, म्हणाला. पूर्वी घरातलं शेंबडं पोरही त्याला नुसतं दसरू म्हणायचं, तीही म्हणायची. आज दसरूभाऊ म्हणताना तिची जीभ अडखळली. त्याची सून आचल चहा घेऊन आली. उर्वशीला काचेचा ग्लास आणि दसरूला ती कपबशी. तीच निळी वेल. सोनेरी ठिपका मात्र नव्हता, कारण कपाला कानच नव्हता. उर्वशीच्या मनात आधी काय आलं असेल, तर तुटकी बाजू भिंतीकडे केली की कुणाला दिसणार नाही.

तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. पाच कपबश्या, रिकामा खण, आणलेला खोका. बाबांनी तुम्हाला प्रेमाने दिलेली वस्तू, मागायला लाज वाटते, असंही म्हणाली.

दसरूने सगळं ऐकून घेतलं.

"देल्ली नाई बाई कोणी. कान तुटला म्हणून मह्यासाठी येगळी काढली. गोठ्याच्या वळचणीले राहे. काम सोडलं तवा संगं घेऊन आलो. तुमच्या घरी तिच्यात कोणी च्या पेला नसता."

मला हे कसं माहीत नाही, उर्वशी पुटपुटली. मला कुणी सांगितलंच नाही कधी.

"तुले काऊन सांगन कोणी?" दसरू हसला. "तूच तं च्या आणत होतीस. मी कप भुईवर ठेवो, तू वरून वतस. एक थेंब सांडू नाई देत होतीस. तुह्या बापानं शिकवलं होतं तुले."

आणि तिला आठवलं. फडक्यात धरलेली किटलीची गरम मूठ, गोठ्याचा उंबरा, मागून येणारा बाबांचा आवाज, वरून ओत, वरून, टेकवू नको. नीट ओतला म्हणून मिळालेली शाबासकीसुद्धा आठवली, आणि त्या शाबासकीने झालेला आनंद. तीन वर्षं ती घरच्यांच्या विसरभोळेपणाच्या नावाने खडे फोडत होती. आई काहीच विसरली नव्हती, म्हणून तर तिला बकरी आणि बारसं सांगावं लागत होतं. उर्वशीला बापाचा राग आला, आईचा आला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या माणसाकडे बघवेना.

चहा संपवून दसरू कपबशी घेऊन उठला. आमचे बाबा ते कोणालेच धुवू देत नाई, आचल म्हणाली. उर्वशी झटकन उभी राहिली.

"द्या भाऊ, मी धुते."

तिचा हात पुढे झाला होता. दसरूने कपबशी दिली नाही.

"राहू दे. तुमच्या घरी बी मीच धुवो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रांजणापाशी बसून त्याने कपबशी राखेने घासली, दोनदा धुतली आणि उन्हात उपडी घातली. मग हात पुसत तिच्याजवळ आला. ही बाई गडचिरोलीहून इतकी वाट तुडवत आली, तिला रिकामं कसं पाठवायचं, ह्याचाच तो विचार करत असावा.

"मी मेल्यावर ने," तो म्हणाला. "सुनेले सांगून ठेवतो."

दसरू तिच्या उत्तराची वाट बघत उभा होता.