सुवार्ता सिस्टर आणि पावणेपाचची नोंद

सुवार्ता सिस्टर कामाची सुरुवात स्वतःच्या चुकांनी करत. नॉटिंगहॅमच्या आमच्या हॉस्पिटलात पाळी बदलताना जुन्या नर्सेस नव्यांना एकेका रुग्णाची माहिती देत, त्याला हँडओव्हर म्हणायचे. बाकीच्या सगळ्या पहिल्या बेडपासून सुरू करत. या बाई आधी म्हणत, "काल सातव्या बेडच्या आजींना दुपारची गोळी मी पाऊण तास उशिरा दिली. माझं चुकलं. आता बेड एक." सांगण्यात रडगाणं नाही आणि कौतुकाची अपेक्षाही नाही. इंग्रज पोरी एकमेकींना डोळे मारायच्या. मी पुण्याहून ताजा ताजा आलेला डॉक्टर होतो आणि स्वतःबद्दलचं माझं मत फारच चांगलं होतं. मला वाटलं, बाईंना नाटकाची हौस दिसते.

दुसऱ्याच आठवड्यात मी एका रुग्णाचं औषध भलत्याच्याच कागदावर लिहून ठेवलं. सिस्टर कागद घेऊन आल्या आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मराठीत म्हणाल्या, "डॉक्टर, अक्षर तुमचंय, पण पेशंट तुमचा नाही."

"घाईत झालं हो," मी म्हणालो.

"घाईत झालं हे कारण झालं. चुकलं म्हणायचं राहिलं." मी कागद घेऊन औषधाचं नाव खोडलं. "असू द्या," त्या म्हणाल्या, "सवय नसली की जड जातं."

त्या अहमदनगरच्या, आडनाव साळवे. मिशनच्या शाळेत शिकल्या, मिशनच्याच दवाखान्यात नर्स झाल्या, लग्नानंतर इकडे आल्या. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. उंचीला बेताच्या, अंगाने भक्कम, आणि हसल्या की डावा डोळा पूर्ण मिटायचा. माझी बायको मेधा अजून पुण्यातच होती, तेव्हा रविवारी सुट्टी असली की त्या मला जेवायला बोलवत. बाजरीची भाकरी आणि मटणाचा झणझणीत रस्सा. पण आधी प्रार्थना. ती लांबत जायची, तिच्यात माझं नाव दोनदा तरी यायचं आणि मी एक डोळा उघडून रश्शाच्या वाफेकडे बघत राहायचो.

जेवण झालं की मी वाद उकरून काढायचो. देवधर्माचं मला कधीच फारसं वेड नव्हतं, पण केलेलं भोगावं लागतं हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं असतं. "तुमचं बरंय, सिस्टर," मी म्हणायचो. "हवं तितकं पाप करा, येशूवर विश्वास ठेवा, सुटलात. इतकं सोपं?"

"सोपंच आहे. म्हणून तर हुशार माणसाला जमत नाही. तुम्हाला परीक्षा देऊन पास व्हायचंय. इथं परीक्षाच नाही."

"मग चांगलं वागायचं कशाला?"

"सुटका झालेला माणूस बाहेर आला की काय करतो? चालायला लागतो ना? तसं." एवढं बोलून त्या ताटं उचलायला लागायच्या. मला धर्मांतराचा आग्रह त्यांनी कधी केला नाही. भाकरीचा मात्र करायच्या.

आता त्या रविवारबद्दल लिहिलं पाहिजे. हात अजून आखडतो.

मी ड्यूटीवर होतो. मिस्टर कॉलिन्स नावाचे पंचाहत्तरीचे गृहस्थ, खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. दुपारी साडेचारला लिंडा नावाच्या नर्सने मला फोन केला. लिंडा पन्नाशी ओलांडलेली, गरज पडेल तेव्हा बोलावली जाणारी बदली नर्स. म्हणाली, त्यांचा श्वास जोरात चाललाय, ब्लडप्रेशर जरा उतरलंय, येऊन बघता का? मी म्हणालो, येतोच. मी डॉक्टरांच्या खोलीत बसलो होतो, टीव्हीवर आपली टीम इंग्लंडविरुद्ध शेवटची षटकं खेळत होती, आणि खोलीतल्या तीन इंग्रजांसमोर मला ती मॅच जिंकलेली बघायची होती. एवढंच कारण. ऑपरेशननंतर थोडा श्वास वाढतोच, अशी मी मनाची समजूत घातली. पावणेसहाला धोक्याची घंटा वाजली तेव्हा मी धावलो. कॉलिन्स राखेसारखे पांढरे पडले होते. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली होती. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं आणि मी फाईल घेऊन लिहायला बसलो.

सकाळच्या नोंदीखाली दोन ओळींची जागा मोकळी होती. मी तिथे लिहिलं, "४:४५. रुग्णाला तपासलं. प्रकृती स्थिर. बिघडल्यास कळवावे." खाली सही केली. हे सगळं मिनिटभरात झालं.

त्या दोन ओळींचा अर्थ सरळ होता. डॉक्टर येऊन गेला, बिघडल्यास बोलवा म्हणाला, आणि नर्सने बोलावलंच नाही. लिंडाने मला केलेल्या फोनची नोंद केलेली नव्हती. आमच्याकडे जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही असं धरायचे. सोमवारी तिला घरी बसवलं. गुरुवारी दुपारी दोनला चौकशीची बैठक ठरली. तिचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाणार, असं वॉर्डात सगळे बोलू लागले.

मी जेवत नव्हतो. मेधाचं विमानाचं तिकीट काढून झालं होतं. खोटी नोंद करणाऱ्या डॉक्टरचं इथे काय होतं ते मला ठाऊक होतं: नोकरी जाते, वर्क परमिट जातं, आणि पुण्यात आईला काय सांगायचं हा प्रश्न उरतोच. लिंडा इथलीच आहे, तिला दुसरं काम मिळेल, असं मी स्वतःला दिवसातून वीसदा सांगत होतो.

बुधवारी दुपारी सुवार्ता सिस्टरांनी घरी बोलावलं. चहा ठेवता ठेवता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "डॉक्टर, रविवारी पावणेपाचला तुम्ही आला नव्हता."

"आलो होतो. तुमचं लक्ष नसेल."

"कॉलिन्सच्या समोरच्या बेडचं ड्रेसिंग मी करत होते. साडेचार ते सव्वापाच."

"मी पटकन येऊन गेलो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा गाळला. त्यांनी उलटून एक शब्द विचारला नाही. मला त्या 'बरं'चा भयंकर राग आला. आरडाओरडा केला असता तर मीही केला असता.

समोर बसून त्या बोलू लागल्या. "मी बावीस वर्षांची होते. नगरकडच्या एका छोट्या दवाखान्यात. थंडीचे दिवस, नुकतं जन्मलेलं पोर. मी गरम पाण्याची पिशवी त्याच्या पायाशी ठेवली आणि गुंडाळायला विसरले. पाय भाजला, डॉक्टर. गुडघ्यापर्यंत. मोठ्या सिस्टर आल्या. मी म्हणाले, पोराच्या आईनं ठेवली. आई म्हणजे सोळा-सतरा वर्षांची पोर. तिचं कोण ऐकणार? सासूनं तिथंच, वॉर्डात, तिच्या मुस्काटात मारली. मी उभी होते."

मी कप खाली ठेवला.

"मग मी अकरा वर्षं देवाला खूश करत होते. उपास केले, डबल ड्यूट्या केल्या, महारोग्यांच्या जखमा धुतल्या. लोक म्हणायचे, केवढी सेवाभावी! आणि मला ते ऐकून ओकारी यायची. आमच्याकडे एक म्हाताऱ्या बायबलबाई होत्या, गावोगाव जाऊन शास्त्र वाचून दाखवायच्या. त्यांना एकदा सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, पोरी, तुझी शिक्षा त्यानं क्रुसावर भोगून संपवली, आणि तू ती पुन्हा भोगत बसलीस. त्यानं भोगलेलं तुला पुरेसं वाटत नाही का? एवढ्यावर विश्वास ठेव. बाकी काही करू नकोस."

"आणि तुम्ही ठेवलात."

"ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या आईला शोधायला निघाले. पाथर्डीजवळ सापडली. सगळं कबूल केलं. तिनं दार लावून घेतलं. बरोबरच होतं तिचं."

"माफी मिळालीच होती तर सांगायला कशाला गेलात?" माझा आवाज चढला होता.

"मिळाली म्हणून तर जाता आलं. नसती मिळाली तर लपवण्यातच जन्म गेला असता." त्यांनी कप उचलले. "उद्या मला विचारतील. मी जे पाहिलं ते सांगणार. पण तुमच्या आधी तोंड उघडणार नाही. तेवढी जागा तुमच्यासाठी ठेवलीय."

मी चहा तसाच टाकून, दार आपटून निघालो. ही सरळसरळ धमकी आहे, असं रस्ताभर स्वतःशी बडबडत गेलो.

बैठक एका लहान खोलीत होती. मोठे डॉक्टर, मेट्रन, लिंडा, सिस्टर आणि मी. मोठ्या डॉक्टरांनी माझी नोंद वाचून दाखवली आणि लिंडाला विचारलं, डॉक्टर आलेच नाहीत असं तुमचं म्हणणं आहे का? लिंडाने फाईल ओढून घेतली. बराच वेळ माझं अक्षर बघत राहिली. सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. माझ्यासाठीच चाललंय हे मला कळत होतं आणि उठून निघून जावंसं वाटत होतं.

मग लिंडा माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही आला असाल. मी दुसऱ्या पेशंटपाशी असेन. मला आठवतच नाहीये नीट. सॉरी, डॉक्टर. तुमच्यावर उगाच आळ आणला."

ती माझी माफी मागत होती. माझ्या खोट्यापुढे तिला स्वतःची आठवण खोटी वाटू लागली होती. सासूचा मार खाणाऱ्या त्या पोरीलाही पुढे कधीतरी वाटलं असेल, की पिशवी आपणच ठेवली असेल.

"आय डिडन्ट गो," मी म्हणालो. कोणाला ऐकूच गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणालो. "मी गेलो नाही. लिंडाने फोन केला होता. मी मॅच बघत होतो. ही नोंद मी नंतर लिहिली."

मग सिस्टर उभ्या राहिल्या. "समोरच्या बेडपाशी मी पाऊण तास होते," त्या म्हणाल्या, "आणि एकदाही वळून कॉलिन्सकडे पाहिलं नाही. माझंही चुकलं." लिंडा आधी रडली आणि मग मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता.

कॉलिन्स तीन आठवड्यांनी गेले. तासभर आधी कोणी पाहिलं असतं तर वाचले असते का, हे कोणालाच सांगता आलं नाही. मला आठ महिने कामावरून दूर ठेवलं, चौकशी झाली, ताकीद मिळाली, परवाना कसाबसा राहिला. लिंडा कामावर परतली, पण पुढे माझ्याशी कधी बोलली नाही. मेधाला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिकीट रद्द करत नाहीये.

त्यानंतर मी बदललो, असं लोक म्हणत. सणासुदीची ड्यूटी मागून घ्यायचो, इतरांचे रविवार आपल्या अंगावर ओढायचो, सिस्टरांच्या घरी दर आठवड्याला पिशवीभर सामान पोचवायचो. त्यांना ते आवडत नव्हतं. "डॉक्टर, हे प्रेमानं करताय की शिक्षा म्हणून?" असं एकदा त्यांनी तोंडावर विचारलं. मी विषय बदलला.

चार वर्षांनी त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. शेवटचे दिवस मोजणाऱ्यांच्या एका शांत संस्थेत त्यांना ठेवलं होतं. एके सकाळी मी गेलो तर अंगावर नुसती हाडं उरलेली, पण डोळे जागे.

"विश्वास बसला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सिस्टर."

"खोटं बोलला नाहीत, बरं झालं." डावा डोळा अर्धवट मिटला. मग चेहरा एकदम बदलला. "रात्री त्या पोराचा पाय दिसला, डॉक्टर. इतक्या वर्षांनी. भीती वाटली मला."

यावर पाळकांनी काय म्हटलं असतं मला माहीत नाही. खोलीत पाळक नव्हते, मी होतो. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "तुमची शिक्षा त्यानं भोगून झालीय, सिस्टर. संपलीय."

त्यांचा श्वास हळूहळू संथ झाला. मला वाटलं झोपल्या. "आणि तुमची?" त्यांनी विचारलं.

"माझं वेगळं आहे. कॉलिन्स मेला."

"मग तो काय, ज्यांच्या हातून काहीच बिघडलं नाही, त्यांच्यासाठी क्रुसावर गेला होता?" बोलण्याने दम लागला होता, तरी त्या थांबेनात. "म्हणा. माझी पण."

"मी मानत नाही, सिस्टर."

"मानायचं नंतर बघू. म्हणा तर."

मी पुटपुटलो.

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हणालो. "माझी शिक्षाही त्यानं भोगलीय. माझीपण संपलीय." आवाज इतका फाटला की दारातून जाणारी नर्स आत डोकावली. सिस्टरांनी मान हलवली, आणि एखादं अडलेलं काम मार्गी लागल्यासारखे डोळे मिटले.

दोन दिवसांनी त्या गेल्या. मी त्यांच्या देवाचा झालो असं म्हणणार नाही. पण त्या सकाळी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा ते मला खोटं वाटलं नाही, आणि खोटं लिहून खाली सही करताना कसं वाटतं हे मला चांगलं ठाऊक होतं.