चौकडीचा झेंडा

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मोटारींच्या शर्यती जगात कुठेही होवोत, त्यांचा अधिकृत शेवट सुरतेजवळच्या कडोदऱ्यातच होत असे. लूमच्या खात्यामागे, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यामागे, आमच्या खोल्यांची ओळ होती, त्या ओळीत एकच टीव्ही होता, आणि त्या टीव्हीसमोर खात्यातल्या झेंडामामांनी खांद्यावरचा पंचा फडकावल्याशिवाय कुठलाही गोरा ड्रायव्हर जिंकला असं आम्ही धरत नव्हतो. तिकडे तो बाटली उडवून नाहत असे, इकडे मामांच्या पंच्यातल्या तंबाखूने पहिल्या रांगेला शिंका येत.

शर्यतच कशाला, काहीही संपलं की मामा पंचा फडकावत. कापडाचा ताका पुरा झाला, फडकाव पंचा. पाळी सुटली, फडकाव. एकदा तर शेजारच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपलं तसा मामांनी पंचा फिरवला आणि नवरदेव दचकून अंतरपाटासकट मागे पडला. "संपवणाऱ्याला मान पाहिजे," मामा म्हणायचे. "सुरू काय, कुत्रंसुद्धा करतं."

हे शेवटाचं वेड कुठून आलं, ते मला नंतर कळलं. मामांचं गाव साक्रीकडचं. शाळा अर्धी सुटली, कुस्ती अर्धी सुटली, विहीर खणायला घेतली ती खडकाला टेकून राहिली. घर सोडताना थोरल्या भावाने अंगणात सगळ्यांसमोर विचारलं होतं, "नामा, तुना हातखाल एक काम तरी पुरं व्हयनं का?" तुझ्या हातून एक काम तरी पुरं झालं का? मामा आमच्या खात्याचे मास्तर झाले, वीस कारीगर हाताखाली आले, पण भावाची आठवण निघाली की बोलता बोलता पंचा घडी करून मांडीवर ठेवत. मी जालन्याकडचा, सुताच्या कांड्या भरायला ठेवलेला. मला अहिराणी कळत नव्हती, पण हे एक वाक्य मला त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की माझं पाठ झालं.

आणि एका पावसाळ्यात बातमी आली. परदेशी मोटारींची एक लांब पल्ल्याची शर्यत, वर्षभर देशोदेशी फिरणारी, तिचा शेवटचा टप्पा आमच्या हायवेवरून जाणार. कामरेजकडून येणार, कडोदऱ्यावरून पलसाण्याकडे जाणार. शर्यतवाल्यांनी सुरतेत एक भाई नेमला होता. तो आमच्या शेठच्या ओळखीचा. खात्यात आला, आवाजात काही ऐकू येईना म्हणून मामांच्या कानाशी ओरडला, "मास्तर, चोकडी पर झंडो जोइए!"

गुजरातीत चोकडी म्हणजे चार रस्ते. कडोदऱ्याच्या चार रस्त्यांवर गुरं-सायकली अडवायला चार माणसं आणि चार लाल फडकी, एवढंच भाईला हवं होतं. पण आपल्या मराठीत चौकडी म्हणजे चौकडी! मामांच्या डोळ्यांसमोर टीव्हीतला काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा उभा राहिला. शर्यत संपवणारा झेंडा, आणि तो विणायला परमेश्वराने आख्ख्या दुनियेतून नामदेव मास्तर निवडला!

मामांनी एक लूम अडवला. उभ्या ताण्यात काळे-पांढरे पट्टे लावले, आडवा बाणाही तसाच बदलत गेले. लोक म्हणाले, "मामा, छापून घ्या की." मामा म्हणाले, "छापलेला शेवट पहिल्या धुण्यात जातो." आता विणकरीतलं पोरही सांगेल की काळ्या ताण्यावर पांढरा बाणा पडला की राखाडी होतो. झेंडा निघाला तो असा, थोडा काळा, थोडा पांढरा आणि निम्मा राखाडी. मामांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला आणि जाहीर केलं, "लांबून बरोबर दिसतो. मोटारी लांबूनच येतात."

भाईने झेंडा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अरे मास्तर, में चोकडी पर झंडो कीधो'तो, चोकडीवाळो झंडो नहीं! ने आ तो टुवाल छे!"

"टॉवेल तर टॉवेल," मामा जरासुद्धा न ढळता म्हणाले. "जिंकणाऱ्याला घाम येतोच ना?"

भाई इतका हसला की त्याचं मन पालटलं. म्हणाला, चला, लाल फडक्यांबरोबर हाही चालेल. रस्त्याच्या कडेला दोरी बांधू, लोक दोरीबाहेर राहतील, मास्तर, तुम्ही दोरीच्या आत. दंडाला पट्टी देईन.

दोरीच्या आत! त्या दिवसापासून मामा जमिनीवर चालले नाहीत. साक्रीकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर भावाला निरोप गेला: ये, आणि डोळ्यांनी बघ. शेवटी भावाचाही निरोप आला, "देखाले येसूत आम्ही." बघायला येतो. मामांनी भावासाठी नवी सतरंजी आणली आणि रात्रपाळीच्या पोरांना दम भरला की पाहुणे आल्यावर शिव्या गुजरातीतच द्यायच्या.

आणि मग सुरतेत प्लेग आला.

आधी कोणी खरं मानेना. हा आजार आम्हाला आज्याच्या तोंडून ऐकलेला. मग दवाखान्यांतून माणसं पळाल्याच्या बातम्या आल्या, मेडिकलमधल्या कॅप्सूल संपल्या, आणि सगळ्या शहराने तोंडाला रुमाल बांधला. शेठ लोक मोटारीतून आधी गेले. लूम एकेक करून थांबले. लूमच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसांना त्या शांततेत झोप लागेना.

परदेशी गाड्यांनी हिंदुस्थानात यायलाच नकार दिला. शेवटचा टप्पा रद्द, आणि आतापर्यंत जो पुढे होता तोच वर्षाचा विजेता. कोणीतरी ही बातमी मोठ्याने वाचली, तेव्हा मामा बंद लूमवर बसले होते. म्हणाले, "धोटा मध्येच थांबला तर कोणी ताका पुरा झाला म्हणतं का? आणि ही शिकलेली माणसं!" आमच्या ओळीतल्या दोन खोल्यांना तोवर बाहेरून कुलूप लागलं होतं, आणि एका खोलीतला माणूस दवाखान्यातून परत आलाच नव्हता. पण आम्ही सगळे मामांच्या झेंड्यासाठी हळहळलो. माणूस मोठ्या दुःखाला घाबरून लहान दुःखाशी बोलत बसतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्हीही ट्रकमध्ये चढलो. साक्री मामांची, पुढची वाट माझी. कडोदऱ्याच्या चोकडीवर ट्रक, टेम्पो, रिक्षा, लूना, सगळं एकमेकांत अडकून भोंगे वाजवत होतं. जिथे दोरी बांधायची होती नेमक्या त्या जागी मामा ट्रकच्या फाळक्यावर उभे राहिले आणि त्यांनी झेंडा काढून फडकावला. त्या तसल्या वेळी माणसं हसली! रुमालाआडून एक बाई ओरडली, "ओ मामा, पयला कोन उना?" पहिला कोण आला?

"पयला शेठ!" मामा ओरडले. "आपण कायमचेच दुसरे!"

साक्रीच्या अलीकडे फाट्यावर मामा उतरले, मीही पाणी भरायला उतरलो. गाव हाकेच्या अंतरावर. ते माझं मामांना शेवटचं पाहणं. ते पुन्हा कडोदऱ्याला आले नाहीत. लूम सुरू झाले, चोकडीवर पूल झाला, मास्तर दुसरा आला. कोणी म्हणे मामा मालेगावला आहेत, कोणी म्हणे गेले. मी अजूनही काही संपलं की खांद्यावर हात नेतो, आणि तिथे पंचा नसतो.

त्या दिवशी गावाच्या तोंडाशी दोन बाभळींना दोरी बांधलेली होती. पलीकडे काठ्या घेतलेली माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे तोंडाला उपरणं गुंडाळलेला मामांचा थोरला भाऊ. दोरीपासून बऱ्याच लांबवर, आमच्या बाजूला, भाकरी आणि पाण्याची कळशी ठेवलेली. सुरतेहून येणाऱ्याने तिथेच थांबायचं, असा गावाचा ठराव होता.

मामांनी भाकरीला हात लावला नाही. काखेतून झेंडा काढला, घडी उलगडायला लागले, तसे दोरीकडे दोन पावलं सरकले. पलीकडच्या काठ्या वर झाल्या. भावाचे डोळे भरलेले होते, एवढं मला दिसलं. पण पाय मागे गेले त्याचे, आणि हात पुढे करून, तिथूनच अशी खूण करत, तो एकदम ओरडला, "नामा, झेंडा दखाड रे भाऊ, पन तठूनच दखाड!"