अकरा मिनिटांची जागा

माझं पोस्टिंग लडाखमधल्या एका वरच्या गावाजवळ होतं. हुद्दा नायक, काम रेडिओ ऑपरेटरचं. तिथून खालच्या गावापर्यंत हेलिकॉप्टरनं अकरा मिनिटं. पायी दोन दिवस, तेही बर्फाची मर्जी असली तर. आमच्या वर्ध्याकडच्या हिंगणीत हे कोणाला पटत नाही. लेक मोबाईलवर नकाशा उघडते. "बाबा, चोवीसच किलोमीटर दाखवून राह्यला. दोन दिवस काऊन लागले तुम्हाले?" नकाशाला दम लागत नाही, बेटा.

दहा महिन्यांनी माझी सुट्टी मंजूर झाली आणि चक्क हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळाली. आयुष्यातलं पहिलं उड्डाण! सॅटेलाइट फोनवर घरी कळवलं. माय म्हणाली, "काऊन रे, थे आपल्या वावरात उतरन का?"

त्या दिवशी दाढी दोनदा केली. सात वाजता हेलिपॅडवरचा बर्फ काढला. पायलटला धुरानं जागा दाखवणारी स्मोक कँडल ओली निघाली, म्हणून कुकनं बर्फावर हळदीनं भला मोठा 'एच' काढला. माझ्या लग्नातही एवढी हळद लागली नव्हती. नऊ वीसला रेडिओवर पायलट बोलला.

"ओन्ली वन पॅसेंजर. टू मिनिट्स ऑन ग्राउंड. क्लाउड्स बिल्डिंग. ओव्हर."

"रॉजर!" मी असा ओरडलो की रेडिओ नसता तरी त्याला ऐकू गेलं असतं.

हेलिकॉप्टर टेकताच सेट जोडीदाराकडे दिला, धावत जाऊन आत बसलो, पट्टा आवळला. तेवढ्यात गावातला शाळामास्तर बायकोला पाठीवर घेऊन धापा टाकत आला. बाळंतपण अडलं होतं. डॉक्टर खालच्या गावात.

पोस्टचे प्रमुख हवालदार रिग्झिन तिथलेच. मी त्यांना उस्ताद म्हणायचो, ते मला वर्धा.

"वर्धा, उतर जा."

"उस्ताद, मेरी छुट्टी..."

"उतर!"

घरी मी आजवर सांगत आलो की बाईला पाहताच मी उडी मारली. खोटं आहे. मी पट्टा घट्ट धरून बसलो होतो. उस्तादांनी तो सोडवला, कॉलर धरली आणि मला थेट हळदीत बसवलं. पुढचे दोन दिवस मी नवरदेवासारखा पिवळा फिरत होतो.

नऊ सत्तावीसला टेक-ऑफ. मागोमाग ढग. सेटला कान लावून मी मिनिटं मोजली. मास्तर माझा हात दाबत होता, बोटं मोडायची बाकी होती.

नऊ अडतीस. "लँडेड."

अकरा दहा. "बेबी गर्ल. मदर ओके. ओव्हर."

मग काय विचारता! मुलगी मास्तरची, नाचलो मी. कुकनं शिऱ्याची कढई चढवली. उस्ताद फक्त हसले.

तिसऱ्या दिवशी मला पायी खाली सोडायला तेच निघाले. काठीनं बर्फ चाचपत सगळी वाट पुढे. एकदाच वळून म्हणाले, "नाराज है?"

"नहीं, उस्ताद." हे मात्र खरं होतं.

सुट्टीवरून परतलोही पायीच.

पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेवर आमच्या गस्तीच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. उस्ताद पुढे होते. पाच तासांनी त्यांचा देहच सापडला.

त्यांना न्यायला हेलिकॉप्टर आलं. सोबत एक माणूस हवा होता. मी बसलो. ते माझं पहिलं उड्डाण. पट्टा लावायला हात लवकर वळला नाही.

हिवाळ्यापुरता खाली राहायला आलेला मास्तर खालच्या हेलिपॅडवर उभा होता, मुलगी कडेवर. त्यानं टोपी काढली. मुलीनं हेलिकॉप्टर पाहून हात हलवला.